बाबांचा कोरडा पाईप

इंजिनेर पोराला बापानं काय शिकवू नये म्हणतात. मग हे ऐका.

बोईसरला पोराच्या घरी माशांची सहा फुटी टाकी हाय. जादा पाणी पाईपातून खालच्या टाकीत पडतं, पंप ते परत वर चढवतो. एकदा तो पाईप तुंबला आणि खालच्या काकूंचं छत गळलं. सूनबाईनं सांगून टाकलं, "परत पाणी सांडलं तर टाकी भंगारात."

पोरगा मोठा पाईप घेऊन आला. मी बोललो, "एकच नको. थोडा वर दुसरा लाव. भाताच्या बांधाला आमी दोन तोंडं ठेवायचो. एकात पेंढा अडकतोच."

"बाबा, ही टाकी हाय, शेत नाय."

"ते पाण्याला कुठं ठाऊक?"

माझं तोंड बंद व्हावं म्हणून लावला. आल्यागेल्याला हसत दाखवायचा, "हा बाबांचा पाईप. कायम कोरडा."

परवा मोठ्या पाईपात टाकीतलीच एक गोगलगाय जाऊन बसली. पाणी चढलं, आणि माझा पाईप घटाघटा प्यायला लागला. लादीवर एक थेंब नाय.

सूनबाईनं चहा केला. पहिला कप मला.

"आणि मला?" पोरगा बोलला.

"आधी तुमचा पाईप साफ करा."