ढब्बू काय म्हणतो?

— अहो, थांबा थांबा, पळू नका, रागावत नाहीये मी! कुत्र्याची घाण उचलायला पिशवी विसरलात ना? ही घ्या, माझ्याकडे ढीगभर आहेत. हात आत घालायचा, मोज्यासारखा — उचलायचं, पिशवी उलटी करायची आणि गाठ मारायची. हां, असं! जमलं की. पहिल्यांदा नाक मुरडतात सगळेच. मातीत जिरतं म्हणता? कुठलं जिरतंय! पाऊस पडला की ही उतरण सगळं घेऊन जाते खाली ओढ्यात, आणि पुलाखाली पोरं डुंबतात — मागे दोघी बहिणी पोटानं आजारी पडल्या, तेव्हापासून पाटी लावलीय तिथं, पाण्यात उतरू नका म्हणून. तरी उतरतात. पोरंच ती.

माझा कुत्रा? आहे ना — म्हणजे आत्ता बरोबर नाहीये. घरी... अहो, घरीही नाहीये. लेकाकडे असतो. बदली झाली त्याची, लांब, विमानानं जायचं इतकं लांब. नातीनं भोकाड पसरलं, ढब्बूशिवाय मी येणार नाही! मग त्याला पिंजरा आणा, सुया टोचा, डॉक्टरचा दाखला घ्या — सगळी धावपळ मीच केली हो. आजीशिवाय येणार नाही, असं काही कुणी म्हटलं नाही. हसा, हसा, मीही हसते! घर लहान आहे त्यांचं. मोठं मिळालं की बोलावणार आहेत.

पण फिरायची सवय कुठं सुटते? आणि काय होतं, ढब्बू होता तेव्हा लोक थांबायचे — ढब्बू काय म्हणतो, ढब्बू जेवला का. त्याच्याशीच बोलायचे म्हणा, पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी होतेच ना? आता सरळ पुढं जातात. मग मी पिशव्या घेऊन येते. त्यांच्या कुत्र्याचं उचलायला वाकले, की निदान कुणीतरी ओशाळून थांबतं. परवा एक गृहस्थ चांगलेच भांडले — तुम्हाला हो काय करायचंय! घरी जाईपर्यंत मला किती बरं वाटत होतं, काय सांगू.

फोन? करतो की लेक, दर रविवारी, चेहराही दिसतो त्यात. पण सूनबाई म्हणाली, "आई, जरा हळू बोला हं, ढब्बू बाहेरच आहे." माझा आवाज ऐकला की तो दाराशी जाऊन बसतो म्हणे, मग जेवतच नाही. बरोबर आहे तिचं. मुकं जनावर ते, त्याला का उपाशी ठेवायचं? मग मी आपली नुसती मान हलवते. लेक विचारतो, बरी आहेस ना — मान हलवते. एकटं वाटत नाही ना —

बघा, तुमचा ओढायला लागला. जा, जा, किती वेळ धरून ठेवलं मी तुम्हाला! वरच्या वाटेनं जा, इकडे चिखल आहे. माझं काय, मला उशीर होत नाही. जा तुम्ही.