शिवणीपलीकडे

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्हाला बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी एक बाइंडर आणि त्यांची भाची होती. मला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

“मामा, ते कव्हर इथंही आणलंत? ज्याच्यासाठी शिवलंत तो कॉम्प्युटरचा टॅब्लेट रद्द झाला ना?”

“झाला. दुकानात यायच्या आधीच कंपनीनं गुंडाळला.”

“बाजारात तुरी, आणि तुम्ही चामडं कापून मोकळे!”

“त्यांनी माप जाहीर केलं होतं गं. माप कळलं की माझे हात थांबत नाहीत.”

“एवढं काय होतं त्यात?”

“अगं, पुस्तकासारखा उघडायचा तो! दोन स्क्रीनची दोन पानं, मधे शिवण. डावीकडचं चित्र बोटानं ढकललं की शिवण ओलांडून उजवीकडं! जन्मभर पुस्तकं बांधली मी, पण या पानावरचं त्या पानावर गेलेलं कधी पाहिलं नाही.”

“आता दिसणारही नाही.”

“नाही. पण कुणाला तरी सुचलं ना ते! मी शिवणीवर आयुष्य काढलं, मला नाही सुचलं.”

“आणि आत हे कोरे कागद कशाला चिकटवलेत?”

“रिकामं बघवेना. तूही डोळे मिट. बोट दे इकडं. इथं पक्षी आहे समज. ढकल हळूच.”

कागदावर बोट सरकल्याचा आवाज आला. मधे जरा अडला, मग पुढे गेला.

“गेला का गं?”

“अगं बाई! गेला, मामा.”