सहाव्या मीटरचा चुरा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संघटनेचे सचिव, सुरक्षा विभागाचे प्रमुख, आजचे सत्कारमूर्ती आमचे मापकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि नुकतेच खाणीतून वर आलेले, केस अजून ओले असलेले माझे सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. व्यवस्थापक उभा राहिला की पाचाची पंधरा होतात, हे अध्यक्षांना ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी स्वतःचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं असावं. पण आज मला एक गोष्ट कबूल करायची आहे, तेवढी सांगू द्या.

काकांनी चौतीस वर्षं ड्रिल चालवलं आणि चुरा मोजला. काकू सांगतात, चहात साखर घालतानाही ते चमचा बोटाने सपाट करून घेतात. खरं ना, काकू? हसताय म्हणजे खरंच!

नव्या मुलामुलींना वाटेल, चुरा कशाला मोजायचा? बाळांनो, आपल्या डोक्यावर शेकडो मीटर खडक आहे. कोळसा काढला म्हणून त्याचं वजन कमी होत नाही, ते उरलेल्या कोळशावर जाऊन बसतं. कडक कोळसा निमूटपणे सोसत राहतो आणि एका क्षणी फुटतो. तो फुटण्याआधी कळावं म्हणून बारीक छिद्र पाडायचं. छिद्रातून दर मीटरला बाहेर येणारा चुरा नेहमीपेक्षा जास्त आला, की आत ताण आहे. मग माणसं मागे घ्यायची, मोठी छिद्रं पाडून ताण मोकळा करायचा, पाणी सोडून कोळसा नरम करायचा. एवढं साधं आहे, फक्त वेळ खातं.

अकरा वर्षांपूर्वी मी पाळीप्रमुख होतो. कोळसा काढून झालेल्या दोन जुन्या पट्ट्यांच्या मधे कोळशाचा एकच खांब उरला होता. असा खांब मुळात ठेवूच नये. दोन्हीकडचा भार त्याच्यावर येतो. पण तो होता, आणि महिना संपायच्या आत तो काढायची मला घाई होती. काकांनी छिद्र पाडलं. एरवी मीटरला दोन लिटर चुरा यायचा. सहाव्या मीटरला सात आला.

मी म्हणालो, "काका, ड्रिलचं टोक झिजलंय. दोन लिहा."

"टोक कालच बदललंय, साहेब."

"लिहा म्हणतो ना!"

"नाही लिहिणार. आणि कोळसा कापायचं यंत्रही चालणार नाही."

त्यांनी यंत्राची वीज तोडली आणि चौदा जणांना घेऊन चालू लागले. मी मागून ओरडत होतो. ओरडत ओरडत मीही बाहेरच्या बोगद्यापर्यंत आलो, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

चाळीस मिनिटांनी खांब फुटला. आधी पायांना कळलं, मग कानांना. आम्ही आधी उभे होतो तिथे कंबरभर कोळसा होता आणि यंत्र आडवं पडलं होतं.

चौकशी समितीला मी काय सांगितलं? धोका ओळखून काम मी थांबवलं, असं. त्याआधी काकांचे हात धरले होते, माझी नोकरी जाईल, गप्प राहा म्हणून. ते म्हणाले, "काय सांगायचं ते सांगा. पण यापुढे मी मोजेन तेवढाच चुरा लिहायचा." शाबासकी मला मिळाली, बढतीही मिळाली. काका ड्रिलवरच राहिले. काका आज निवृत्त होताहेत, त्याचीच वाट पाहत होतो असं नाही. इतकी वर्षं हिंमतच झाली नाही. मला लाज वाटते.

आज सकाळी मी अध्यक्षांना लेखी दिलं आहे, की काम ड्रिलचालकाने थांबवलं आणि मी ते चालू ठेवायला सांगत होतो. पुढे माझं काय व्हायचं ते होईल. आणि उद्या कोणी साहेब "दोन लिहा" म्हणाला, तर वीज तोडा आणि चालू लागा.

संयोजकांचे आभार. वेळेचं भान सुटलं, शब्द कमीजास्त झाले, ते सभागृहाने पोटात घालावं. काका, तुमच्याकडे मात्र मी वेगळी क्षमा मागतो. ती अकरा वर्षं उशिरा मागतोय, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी ते मला मान्य आहे.