केंद्रकाच्या घड्या

मेंदूच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. त्यांच्या आईला आत तपासत होते.

"ताई, मेंदूतल्या झोपलेल्या मूळपेशींवर काम करतेस ना? मग आईच्या उठव की."

"मी उंदरांच्या पेशींचं केंद्रक बघते रे. झोपेत त्याला घड्या पडतात."

"आणि उठल्यावर?"

"उलगडतात. पण बघायचं तर पेशी आधी मारावी लागते."

"वा! म्हणजे इतकी वर्षं घरी फिरकली नाहीस, ती मेलेल्यांच्या घड्या मोजायला?"

"हळू बोल. आई ऐकेल."

"ऐकू दे. येईल त्याला ती सांगते, माझी लेक मेंदू बरे करते."

"मी आठवते तिला?"

"लेक आठवते. सकाळी तू भरवून उठलीस, तर मला विचारते, ही नवी बाई कधी कामाला ठेवलीस?"