ढेकूण कोणाचे?

तुम्ही घरी आले की मी पलंगावर न बसवता प्लास्टिकची खुर्ची काहून देतो, ते सांगतो.

ताईच्या लग्नात आंदणाचा पलंग न् गादी आम्ही वरठीहून नाकाडोंगरीले भाड्याच्या पिकअपनं पाठवली. पॉलिशले ओरखडा नको म्हणून ड्रायव्हरनं खाली सोताची गोधडी अंथरली. बाबाले माणूस लय आवडला.

आठ दिवसांनी ताईच्या सासऱ्याचा, म्हणजे इवायाचा, फोन. "इवाई, पलंगात ढेकूण निघाले ना तुमचे!"

बाबा भडकले. "माह्या घरी एक ढेकूण नाही! खोटं वाटत असंल त या, एक रात्र झोपून पाहा!"

इवाईही जिद्दीचे, निघाले. बाबानं मानानं तीच गाडी पाठवली. ड्रायव्हरनंही मानानं सीटवर तीच गोधडी टाकली.

सकाळी इवायानं चादर झटकली न् दोन ढेकूण बाबापुढं धरले. "आता बोला!"

बाबाचं पोरीच्या सासरी नाक कापलं गेलं होतं.

तेवढ्यात इवायाले न्यायले ड्रायव्हर आला. त्यानं ढेकूण निरखून पाहिले. "हे त माह्या गोधडीतले. होस्टेलच्या जुन्या गाद्या वाहिल्या, तवापासून आहेत."

"मंग सांगितलं काहून नाही?" बाबा ओरडले.

"तुम्ही दोघं एकमेकाचेच म्हणून राहिले होते. मले कोणी विचारलं?"

इवाई एसटीनं गेले. ढेकूण आता दोन्ही घरी आहेत. ताई म्हणते, "बरं झालं, सासरी अगदी माहेरासारखं वाटून राहिलं."