शोदमोनला हाक मारू नये

मी, सिरोजिद्दीन वल्द नूरुल्ला, वय ७४, व्यवसाय मुलांना कुराण व जुने फारसी ग्रंथ शिकवणे, राहणार लोहारआळी, इस्तरवशान, विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे :

मयत शोदमोन, वय १९, हा माझा नातू. त्याचे वडील, म्हणजे माझा मुलगा मुहिद्दीन, रशियात बांधकामावर असतात. घरी मी, सून गुलचेहरा व शोदमोन असे तिघे राहत होतो. शोदमोनही वडिलांबरोबर कामाला होता. मागील हिवाळ्यात तो एकटाच परत आला. का आला ते त्याने सांगितले नाही व मी विचारले नाही. त्याला अन्न जात नसे. उन्हाळ्यातही तो लांब बाह्यांचा सदरा घाली. मी ती मर्यादा समजलो.

वसंतात त्याने माझ्याकडे मौन जिक्र शिकवण्याची विनंती केली. आमच्या पंथात ईश्वराचे नाव ओठ न हलवता घेतात. जीभ टाळूस लावावी, मान हृदयाकडे झुकवावी, श्वास आवरावा. अशा बैठकीत असलेल्यास हाक मारू नये वा स्पर्श करू नये, असा दंडक आहे. नशा लपवण्यासाठीच तो हे शिकला काय, असे अंमलदारांनी विचारले. मला ठाऊक नाही. आरंभी जिक्रातून उठताना त्याचे डोळे ओले असत, एवढे मी पाहिले आहे.

गुरुवारी दुपारच्या नमाजेनंतर तो ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला. मान झुकलेली होती. गुलचेहरा चुलीपासून उठून आली व म्हणाली, "बाबा, याचा श्वास ऐका ना. घशात घरघर होतेय."

मी म्हणालो, "जिक्रात श्वास आवरतात, पोरी. तुला काय कळतंय त्यातलं?"

"ओठ निळे पडलेत त्याचे. एकच हाक मारते."

"नको. आईच्या हाकेनंच तर माणूस आधी खाली येतो."

ती चुलीकडे गेली. त्याच वेळी शेजारी होकिम, धंदा सुऱ्या घडवणे, हा धार लावलेली सुरी देण्यास आला. शोदमोनकडे पाहून तो हळूच म्हणाला, "काय डोमला, घरातच पीर निघाला की तुमच्या. आमचं कार्टं मशिदीतसुद्धा मोबाईल बघतं." (शिकवतो म्हणून आळीत मला डोमला म्हणतात.) मी हसलो. मला बरे वाटले.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, अजान झाली. अजानेला जिक्र सोडून उठावे लागते. तो उठला नाही. मी खांद्यास हात लावला, तेव्हा तो कुशीवर कलंडला. मांडीखाली सुई होती. रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांनी गर्दाचा प्रकार असल्याचे सांगितले व घरघर केव्हा लागली, असे विचारले. गुलचेहराने माझ्याकडे पाहिले.

मुहिद्दीनचा फोन आला, तो गुलचेहराने घेतला. आवाज बाहेर येत होता. "तू घरात होतीस ना? मग करत काय होतीस? आई आहेस की कोण?" ती म्हणाली, "स्वयंपाक करत होते." माझे नाव तिने घेतले नाही.

हृदय बंद पडले असे लिहून द्यावे, म्हणजे जनाज्यास लोक येतील, असे आळीतील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. मी नकार दिला. तसे लिहिले, तर गुलचेहराने काय मागितले होते तेही लिहिता येणार नाही. मुहिद्दीन उद्या पोहोचत आहे. हा जबाब त्यास दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

कोणी बुडत असेल, तर चालू नमाज मोडून त्यास हात द्यावा, हा नियम मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आलो आहे.

अंमलदारांनी वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात "घरच्यांना वेळेत कळले नाही" असे एक वाक्य होते, ते मी सांगून खोडायला लावले. कळले होते. गुलचेहराला कळले होते. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे.

सही : सिरोजिद्दीन