पान चारशे बारापर्यंत

तपासनीस : अभिनंदन, तुमची पेटी पास आहे. सही झाली, शिक्का झाला, हे प्रमाणपत्र. आता हे मी बोललोच नाही असं धरा, म्हणजे पाहणी सुरू करता येईल.

पुतणी : पाहणीच्या आधीच पास?

तपासनीस : शिक्क्याच्या बाई आजपासून रजेवर आहेत, म्हणून कालच मारून घेतला. पण गैरसमज नको. नापास झालात तर इथल्या इथे फाडेन. फाडायला शिक्का लागत नाही.

पुतणी : फाडू नका हो, साहेब. रविवारी नेमबाजी संघाची निवड आहे. क्लबचं छप्पर उतरवलंय, सराव करू कुठे? घरी करायचा तर तुमचा कागद लागतो.

तपासनीस : आणि कागद नसेल तर बंदुकीला सील लागतं. तीन महिने. गेल्या खेपेला गोळ्या अडवायला काय लावलं होतंत तुम्ही? गादी!

पुतणी : जाड होती.

तपासनीस : गोळी गादीतून गेली, फळीतून गेली आणि वॉशिंग मशीनमध्ये जाऊन बसली. अहवालात मला ‘गोळी धुतलेल्या अवस्थेत मिळाली’ असं लिहावं लागलं. हवेची बंदूक म्हणजे फुंकर नव्हे, ताई.

पुतणी : म्हणून तर या वेळी सगळं नियमाने केलंय. पुढे लाकडी पेटी. तिच्यामागे तिरका लोखंडी पत्रा, म्हणजे एखादी गोळी पोचलीच तर उलटून माझ्याकडे न येता खाली वाळूत पडेल. त्याच्यामागे वाळूच्या गोण्या, माझ्या डोक्याच्या वरपर्यंत.

तपासनीस : भिंतीपलीकडे कोण?

पुतणी : दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना.

तपासनीस : म्हणजे तिकडून किंकाळी आली तर ती आपल्या खात्यात धरायची नाही. लिहून घेतो. आता मुख्य मुद्दा. पेटीत काय भरलंय? फॉर्मवर तुम्ही ‘घट्ट दाबलेला कागद’ एवढंच लिहिलंय.

पुतणी : हळू बोला. पुस्तकं आहेत. माझ्या काकांची.

तपासनीस : काकांनी जमवलेली?

पुतणी : काकांनी लिहिलेली. एकच पुस्तक, ‘व्हॉल्व्ह आणि मी’. शहराच्या पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह छत्तीस वर्षं रोज सकाळी त्यांनी उघडला आणि रोज दुपारी बंद केला. त्याचं हे आत्मचरित्र, सहाशे चाळीस पानांचं. दोनशे प्रती आमच्या गॅरेजमध्ये ठेवायला दिल्या होत्या, मागणी येईपर्यंत.

तपासनीस : आली?

पुतणी : पहिली माझीच.

तपासनीस : बरं. चष्मा लावा, मलाही एक द्या. पाच गोळ्या, एकाच ठिकाणी. हं, मारा.

(पाच आवाज. पाठोपाठ पुढच्या दाराची कडी वाजते.)

तपासनीस : थांबा! बंदूक रिकामी करा, खाली ठेवा. कोण आहे?

काका : मी काका हिचा. अगं, बाहेर टेम्पो उभा केलाय. गॅरेजमध्ये डोकावलो तर अर्ध्या प्रती गायब! मागणी आली की काय? आणि हे गृहस्थ कोण?

पुतणी : सरकारी तपासनीस आहेत. काका, तुम्ही आधी बसा.

तपासनीस : बसा, बसा. मी एवढा पेटीतल्या गठ्ठ्याचा पट्टा सोडतो. ही पुढची प्रत. पाचवी गोळी सगळ्यात खोल गेलेली दिसतेय. शंभर पार, दोनशे पार, तीनशे नव्वद... सापडली! पान चारशे बारा.

काका : हे माझं पुस्तक आहे.

तपासनीस : सही केलेली प्रत आहे, हो.

काका : अगं, माझ्या आयुष्याला भोक पाडलंस?

पुतणी : काका, रागावू नका ना. मी सगळं करून पाहिलं. कडक रबर लावलं तर गोळी उलटून माझ्या कानाजवळून गेली. लाकूड पहिल्याच दिवशी पोखरलं. टिकलं ते तुमचंच पुस्तक.

काका : तू मला विचारलं नाहीस.

पुतणी : विचारलं असतं तर आधी वाच म्हणाला असतात.

काका : चारशे बारा म्हणजे कुठलं प्रकरण?

तपासनीस : प्रकरण सात. ‘गळती : काही चिंतन’.

काका : सातपर्यंत गेली? तुझी काकू तीनच्या पुढे सरकली नाही. ज्यांनी प्रस्तावना लिहिली ते दुसऱ्यातूनच परतले.

तपासनीस : सेकंदाला अडीचशे मीटर वेगाने शिरली होती. तरी इथे येऊन पार दमली.

काका : त्या प्रकरणात मी जरा संथ झालोय, मान्य आहे. असो. आता या चर्चेला अर्थ नाही. सगळ्या प्रती रद्दीत घालायला न्यायला आलोय मी.

पुतणी : रद्दीत? काका, रविवारी निवड आहे!

काका : जाडी बघून लोक लांब पळतात, असं प्रकाशकांचं म्हणणं. म्हणून ही संक्षिप्त आवृत्ती काढली. ब्याण्णव पानं. ही भर तुझ्या पेटीत. घरच्या घरी आहे.

पुतणी : साहेब, चालेल?

तपासनीस : चाचणी घ्यावी लागेल. जाड प्रती बाहेर काढा, ही एकटी ठेवा पेटीत. काका, तुम्ही आमच्या मागे या, डोळ्यांना हा चष्मा लावा. ताई, एकच गोळी. मारा. हं... पत्रा वाजला, ऐकलंत? आरपार.

काका : आरपार? म्हणजे मलपृष्ठापर्यंत? एका बैठकीत?

तपासनीस : म्हणजे नापास.

काका : नापास कशी? पूर्ण झालं ना वाचून!

तपासनीस : काका, यात गोळीने अडकणं अपेक्षित आहे. ही आवृत्ती फारच ओघवती झालीय. एकामागे एक पंधरा-वीस लावल्या तर बघता येईल. किती छापल्यात?

काका : बारा. प्रकाशक सावध आहेत.

तपासनीस : मग ताई, मला वाईट वाटतं. जाड प्रती टेम्पोत चढल्या की हा कागद मी फाडणार.

पुतणी : काका, ऐका माझं. नका नेऊ. मला ते पुस्तक पूर्ण हवंय. त्यातली एक ओळसुद्धा कमी करू नका.

काका : काय म्हणालीस?

पुतणी : एक ओळसुद्धा कमी करू नका.

काका : पुन्हा म्हण. यांच्यासमोर म्हण.

पुतणी : एक ओळसुद्धा कमी करू नका. गळतीचं चिंतन तर मुळीच काढू नका. माझी सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

तपासनीस : खात्याचंही तेच मत आहे. हे प्रकरण होतं म्हणून पाच गोळ्या एका प्रतीत थांबल्या.

काका : ऐकलं का, खात्याचं मत! छत्तीस वर्षं नोकरी केली, खात्याला माझ्याबद्दल कधी मत नव्हतं. जा, त्या टेम्पोवाल्याला सांग, आमचं काम रद्द झालं.

पुतणी : काका! खरंच?

काका : जा म्हणतो ना. आणि एक प्रत किती दिवस पुरते गं तुला?

पुतणी : दोन दिवस. मग मधला भाग पिठासारखा होतो. तुमच्या दोनशे मला वर्षभर पुरतील.

काका : आणि पुढच्या वर्षी?

पुतणी : दुसरी आवृत्ती काढावी लागेल.

काका : दुसरी आवृत्ती. हं. जा, तो हॉर्न वाजवतोय.

तपासनीस : काका, ती येईपर्यंत हे उरकून टाकू. प्रमाणपत्र कायम. पेटीतला पदार्थ : आत्मचरित्र, अखंड. गोळी अडवण्याची क्षमता : उत्तम. आता हा शेवटचा रकाना, ‘साहित्याच्या मालकाचे म्हणणे’. बहुतेक लोक इथे आडवी रेघ मारतात.

काका : माझं म्हणणं आहे.

तपासनीस : सांगा, मी लिहितो. जागा दोनच ओळींची आहे.

काका : लिहा. माननीय कार्यालयास, सदर पेटीस माझी कोणतीही हरकत नाही. तथापि, वर्षातून किमान एका गोळीस पान सहाशे चाळीसपर्यंत जाऊ देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. शेवट चांगला जमला आहे.